पत्ता नसलेले दुकान

किरकोळ औषधविक्रीचा परवाना मिळतो माणसाला, पण तो टांगला जातो भिंतीवर. १९४५च्या औषध नियमांनी ही भिंत फार काळजीपूर्वक उभी केली आहे. दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर हवी, परवाना येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा लावलेला हवा, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले जायला हवे. या अटींमागचे सूत्र साधे आहे. काही विपरीत घडले, तर निरीक्षकाने कोणत्या दारावर थाप मारायची हे ठाऊक असावे. हा कायदा पत्त्यावर उभा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र औषधांच्या आणि अन्नाच्या व्यापाराचा वाढता हिस्सा अशा दुकानात गेला आहे, ज्याला ग्राहकाच्या लेखी पत्ताच नाही. मोबाइलच्या पडद्यावर नाव असते, बोधचिन्ह असते, सवलतीचा आकडा तर असतोच असतो. गोळी कोणत्या दुकानातून निघाली, डबा कोणत्या स्वयंपाकघरात भरला गेला, हे बहुधा माल हातात आल्यावर, तेही बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत कळते.

या विषयावरची आपली चर्चा लगेच दोन तट पाडून होते. एका बाजूला ‘तंत्रज्ञान थोपवता येत नाही’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘ऑनलाइन विक्री बंदच करा’ म्हणणारे. प्रश्न असा मांडला, की उत्तरही चुकीचे येते. दूरवरून औषध पुरवणे हा मुळात नवा उद्योग नाही, आणि दुकानातून घेतलेली वस्तू आपोआप निर्मळ असते असेही नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या दोन्ही गोष्टींचे पुरावे मी राहतो त्या कोलकात्यातच सापडतात. ते आधी पाहू, कारण आजच्या नियमांतली पोकळी कुठे आहे हे त्यांच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात हिवतापाने बंगालची गावेच्या गावे पोखरली होती. क्विनीन उपलब्ध होते, पण खेड्यापर्यंत पोहोचत नव्हते. जे पोहोचे त्यात भेसळ असे. दार्जिलिंगच्या डोंगरात मंगपू येथे सरकारचा सिंकोना मळा आणि कारखाना होता. त्याची जबाबदारी शिवपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांच्याकडे होती. १८९२ साली त्यांच्या पुढाकाराने क्विनीनच्या छोट्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून प्रत्येकी एका पैशाला विकायला सुरुवात झाली. डॉक्टर नसलेल्या, दवाखाना नसलेल्या, पण टपाल कचेरी असलेल्या गावात औषध पोहोचले. आजच्या भाषेत सांगायचे, तर ती घराजवळ औषध पोहोचवण्याची एक सरकारी योजनाच होती. ती तगली याचे कारण पुडी बांधणारा कोण, किंमत किती आणि तक्रार कुणाकडे, या तिन्ही गोष्टी खरेदीदाराला माहीत होत्या. अंतर लांब होते, पण उत्तरदायित्व जवळ होते.

दुसरा दाखला तुपाचा. १९१७च्या उन्हाळ्यानंतर कलकत्त्यात तुपामध्ये प्राण्यांची चरबी मिसळली जात असल्याचे उघडकीस आले आणि शहर हादरले. हजारो ब्राह्मण प्रायश्चित्तासाठी हुगळीच्या काठी जमले. या प्रकरणातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र प्रायश्चित्ताचा नाही. मारवाडी असोसिएशनने आपल्याच समाजातील दोषी व्यापाऱ्यांना दंड ठोठावला आणि त्याच वेळी सरकारकडे कठोर कायद्याची मागणीही केली. त्या वर्षीच शहरापुरता कायदा झाला. १९१९मध्ये बंगाल अन्नभेसळ कायदा आला. व्यापाऱ्यांना तेव्हा एक गोष्ट कळली होती. बाजारावरचा विश्वास उडाला, तर प्रामाणिक दुकानदाराचे तूपही पडून राहते. नियम हा व्यापाराचा शत्रू नसतो. नियमच नसला, तर सर्वांत स्वस्त भेसळ करणाऱ्याचा भाव हाच बाजारभाव होतो.

तिसरा दाखला थेट आजच्या कायद्याकडे आणणारा. १९२७च्या मार्चमध्ये हारून जाफर या मुंबई प्रांताच्या सदस्यांनी राज्यपरिषदेत ठराव मांडला, की औषधांची निर्मिती आणि विक्री यांवर नियंत्रण आणावे. १९३०मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. चोप्रा हे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक. समितीने देशभर फिरून साक्षी नोंदवल्या, १९३१मध्ये अहवाल दिला आणि औषधांसाठी मध्यवर्ती कायदा, प्रयोगशाळा व प्रशिक्षित फार्मासिस्ट या तिन्हींची गरज सांगितली. कायदा झाला १९४०मध्ये, नियम आले १९४५मध्ये आणि फार्मसी कायदा १९४८मध्ये. ठरावापासून कायद्यापर्यंत १३ वर्षे गेली. परकीय सरकारला हिंदी रुग्णांची निकड नव्हती, हे त्याचे स्पष्टीकरण देता येईल. आपल्या सरकारांच्या दिरंगाईचे स्पष्टीकरण काय?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०१८ रोजी ई-फार्मसीसंबंधी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात केंद्रीय प्राधिकरणाकडे तीन वर्षांसाठी नोंदणी, चिठ्ठीची फार्मासिस्टकडून पडताळणी, रुग्णाची माहिती देशातच ठेवण्याचे बंधन, गुंगी आणणाऱ्या व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधांच्या विक्रीला मनाई, जाहिरातीला बंदी आणि दर दोन वर्षांनी तपासणी अशा तरतुदी होत्या. मसुदा परिपूर्ण नव्हता, पण चर्चेसाठी पुरेसा होता. त्याला सात वर्षे उलटून गेली आहेत. तो अंतिमही झाला नाही आणि मागेही घेतला गेला नाही.

मधल्या काळातला घटनाक्रम पाहा. डिसेंबर २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन औषधविक्री थांबवण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने नियम अधिसूचित होईपर्यंत अशी विक्री रोखली. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मार्च २०२०मध्ये महासाथीच्या पार्श्वभूमीवर केंद्राने परवानाधारक दुकानांना घरपोच औषधे देण्याची मुभा दिली. जुलै २०२२मध्ये औषधे, वैद्यकीय उपकरणे व सौंदर्यप्रसाधने यांसाठी नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. फेब्रुवारी २०२३मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी सुमारे २० ऑनलाइन कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तर त्याही आधी, २०१५मध्येच, चिठ्ठीवरची औषधे विकल्याबद्दल एका मोठ्या ई-बाजारपेठेविरुद्ध गुन्हा दाखल केला होता. न्यायालये मुदती देत राहिली, मंत्रालय विचार चालू असल्याचे सांगत राहिले. या सगळ्या काळात ऑनलाइन विक्री मात्र एक दिवसही थांबली नाही.

प्रशासनात वर्षे काढलेल्या माणसाला मसुद्याचे आयुष्य कसे असते हे सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंचे दबावगट बलवान असले, की फाइलवर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो. चर्चा होते, मग आणखी एका विभागाचे मत मागवले जाते, ते मत आले की अधिकारी बदललेला असतो. निर्णय न घेणे हे कागदावर सावधपणासारखे दिसते. प्रत्यक्षात तोही एक निर्णयच असतो, आणि त्याचा लाभ नियम मोडण्याची जोखीम परवडणाऱ्यालाच होतो. ज्याच्यामागे गुंतवणूकदारांचे भांडवल आहे तो नोटिशीला वकिलामार्फत उत्तर देतो. गल्लीतला दुकानदार निरीक्षकाच्या पहिल्या भेटीतच नियम पाळू लागतो. संदिग्ध कायदा असा मोठ्याला सैल आणि लहानाला घट्ट होतो.

ही संदिग्धता किती विचित्र आहे हे पाहायचे, तर २०२०ची घरपोच सेवेची अधिसूचना वाचावी. चिठ्ठी ई-मेलने आली तरी चालेल, असे ती म्हणते. दीर्घकालीन आजारासाठी चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तीव्र आजारासाठी ७ दिवसांच्या आतली हवी, हेही योग्यच. पण औषध पोहोचवायचे ते दुकान ज्या महसुली जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात. कोलकात्यातील उल्टाडांग्याच्या दुकानदाराने कालवा ओलांडून सॉल्ट लेकमध्ये औषध नेले, तर तो जिल्हा ओलांडतो. कारण सॉल्ट लेक उत्तर चोवीस परगण्यात येते. मुंबईच्या वाचकांनी माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी आठवावी. इकडे शहर जिल्हा, तिकडे उपनगर जिल्हा. उलट बारुईपूरचा दुकानदार नद्या आणि खाड्या पार करून सुंदरबनातल्या गोसाब्यापर्यंत औषध धाडू शकतो, कारण जिल्हा एकच. जे दुकानदाराला दहा मिनिटांच्या अंतरावर नाकारले आहे, ते अॅप मात्र राज्याच्या सीमा ओलांडून करते आहे. नियम पाळणाऱ्याला हास्यास्पद ठरवणारी व्यवस्था फार काळ पाळली जात नाही.

आता चिठ्ठीकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे. १९४५च्या नियमांत एक बारीकशी पण शहाणपणाची अट आहे. अनुसूची ‘एच’ किंवा ‘एक्स’मधील औषध दिल्यावर विक्रेत्याने चिठ्ठीवर आपले नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची, डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध द्यायचे नाही. म्हणजे चिठ्ठी हा एकदा वटवायचा धनादेश आहे. कागदाच्या चिठ्ठीवर शिक्का मारता येतो. चिठ्ठीच्या छायाचित्रावर तो कसा मारणार? एकच छायाचित्र एकाच संध्याकाळी पाच अॅपवर पाठवले, तर पाचही ठिकाणी ते पहिल्यांदाच आलेले असते. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामके, प्रतिजैविके या सर्वांना ही पळवाट सारखीच उघडी आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठीच २०१३मध्ये ‘एच-वन’ ही वेगळी अनुसूची अधिसूचित झाली. तिच्यातल्या औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपून ठेवायची असते. आज एक अॅप दुसऱ्या अॅपची वही पाहू शकत नाही, आणि निरीक्षक कोणाचीच एकत्र पाहू शकत नाही. गल्लीतल्या दुकानांच्या वह्याही अनेकदा केवळ तपासणीपुरत्या भरल्या जातात, हे मान्य आहे. पण तो दोष दूर करण्याचे साधन हाताशी आलेले असताना जुना दोष नव्या माध्यमात जसाच्या तसा नेणे, हे अक्षम्य आहे.

याच्या जोडीला हितसंबंधांचा प्रश्न आहे. मार्च २०२०मध्ये आलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी कोणती औषधे दूरध्वनीवरून किंवा चित्रफितीवरून सल्ला देऊन लिहिता येतील, याच्या याद्या केल्या. चिठ्ठी नसलेल्या ग्राहकाला औषध विकणाऱ्या कंपनीनेच डॉक्टर जोडून द्यावा, त्या डॉक्टरने दोन-तीन प्रश्न विचारून चिठ्ठी लिहावी आणि तीच कंपनी ती वटवावी, ही साखळी मात्र त्या तत्त्वांच्या हेतूशी विसंगत आहे. विक्रेत्याच्या पगारावरचा डॉक्टर ग्राहकाला ‘नाही’ कधी म्हणेल? शिवाय चिठ्ठीतून माणसाचा आजार कळतो. मधुमेह, मनोविकार, गर्भधारणा, क्षयरोग, सगळेच. २०२३चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे, पण आजारी माणूस औषध मागताना संमतीची आठ पाने वाचत नाही.

एवढे म्हटल्यावर औषधविक्रेत्यांच्या संघटनेची बाजू पूर्ण बरोबर, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मुंबईत मुख्यालय असलेल्या त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने ऑक्टोबर २०१५, मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८ असे तीन देशव्यापी बंद केले. स्वस्त दराचे आमिष, बनावट औषधांचा धोका, लाखो कुटुंबांची उपजीविका हे त्यांचे मुद्दे खोटे नाहीत. सरकारच्या किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. त्याहून अधिक सवलत वर्षानुवर्षे देणारा विक्रेता ती कुठून देतो, हा प्रश्न रास्त आहे. स्पर्धक संपेपर्यंतची ती गुंतवणूक असू शकते. पण २०१३मध्ये स्पर्धा आयोगाने याच संघटनेला दंड केला होता, कारण कोणत्या गावात कोणी घाऊक वितरक व्हावे यासाठी तिचे ‘ना हरकत’ लागत असे. ज्यांनी स्वतःच बाजाराचे दार अडवले, त्यांनी खुल्या स्पर्धेचा कैवार घेताना थोडे बिचकायला हवे. आणि सवलतीसाठी भांडवलदारच हवा असेही नाही. पश्चिम बंगालच्या सरकारी रुग्णालयांत २०१२पासून रास्त भावाची औषध दुकाने चालतात. तिथे मिळणारी सूट कोणत्याही अॅपपेक्षा कमी नाही.

आणि दुकान म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण तर इतिहासाने केव्हाच मोडून काढले आहे. मराठी वाचकांना १९८६चे जे. जे. रुग्णालय विसरता येणार नाही. विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसेरॉलमुळे तिथे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या औषधाचा माग काढताना पुरवठादार, खरेदी विभाग, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय या प्रत्येक पायरीवरची कीड दाखवली. तेच विष २०२५मध्ये खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या बालकांपर्यंत पोहोचले. उपचारांसाठी त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणावे लागले. ते औषध कोणत्या अॅपवरून नव्हे, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणि दुकानांतून गेले होते. डिसेंबर २०२४मध्ये केंद्र आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी कोलकात्यात एका घाऊक विक्रेत्यावर छापा घातला, तेव्हा परदेशी बनावटीची म्हणून ठेवलेली ६ कोटी ६० लाख रुपयांची कर्करोग व मधुमेहाची संशयास्पद औषधे जप्त झाली. तिथे भिंत होती, पत्ताही होता. नव्हता तो वेळेवर येणारा निरीक्षक.

अन्नाची कथा औषधांच्या बरोबर उलटी आहे. तिथे नियम आहेत, अगदी वेळेवर आलेले आहेत. अडचण अंमलबजावणीची आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा, अमलात आला २०११मध्ये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७मध्येच ई-वाणिज्यातील अन्न व्यावसायिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाच्या टिकाऊपणाचा किमान ३० टक्के काळ किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक हवेत, ही अट तेव्हाची आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये तीच पुन्हा बजावावी लागली. जुलै २०१८मध्ये प्राधिकरणाने दहा मोठ्या अॅपना विनापरवाना उपाहारगृहे काढून टाकायला सांगितले, आणि काही आठवड्यांत दहा हजारांहून अधिक नावे यादीतून गेली. हा आकडा यश म्हणून सांगितला गेला. मला तो कबुलीजबाब वाटतो. काल रात्रीपर्यंत ती सर्व स्वयंपाकघरे परवान्याविना देशाला जेवू घालत होती.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोलकात्याजवळच्या बजबज येथे कचराडेपोत टाकलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस शीतगृहांमार्फत बाजारात येत असल्याचे उघड झाले. कित्येक महिने शहर मांसाहारी पदार्थांकडे संशयाने पाहत होते. उपाहारगृहात बसून जेवणाऱ्याला निदान स्वयंपाकघराचे दार तरी दिसते. केवळ अॅपसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघराला दर्शनी भागच नसतो. एकाच चुलीवरून चार नावांची चार ‘उपाहारगृहे’ चालतात. दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या कंपन्यांची साठवणगृहेही अशीच, ग्राहकासाठी पडद्याआडची. जून २०२५मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतील अशा एका साठवणगृहाचा परवाना निलंबित केला. खाद्यपदार्थांवर बुरशी, अस्वच्छ साठवण, मुदत संपलेला माल वेगळा न ठेवणे अशा तिथल्या नोंदी होत्या. प्रशासनाने आपले काम केले, हे आवर्जून म्हणायला हवे. पण अशी किती साठवणगृहे आहेत, आणि निरीक्षक किती?

निरीक्षकांची वानवा हा दोन्ही क्षेत्रांचा समान आजार आहे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३मध्ये साधे सूत्र दिले होते : दर ५० औषध कारखान्यांमागे एक आणि दर २०० विक्री परवान्यांमागे एक निरीक्षक. दोन दशकांनंतरही हे प्रमाण गाठण्याची भाषाच चालू आहे. बेहालातल्या १९८८च्या प्रकरणाची मला या संदर्भात नेहमी आठवण होते. शिधावाटप दुकानातून मिळालेल्या खाद्यतेलात औद्योगिक रसायन मिसळलेले होते, आणि ते खाऊन कोलकात्याच्या या उपनगरात शेकडो माणसांचे पाय लुळे पडले. ते दुकान सरकारी शिधावाटप व्यवस्थेतले होते. त्याचा पत्ता गल्लीतल्या पोरालाही ठाऊक होता. पण पत्ता असणे ही फक्त पहिली पायरी आहे. त्या पत्त्यावर नमुना घ्यायला कोणी जाणे आणि प्रयोगशाळेचा अहवाल लोकांच्या पोटात तेल जाण्याआधी येणे, या पुढच्या दोन पायऱ्या कधीच बांधल्या गेल्या नव्हत्या.

यात नवी गुंतागुंत अशी, की आज एकाच पिशवीत कोथिंबीर आणि तापाच्या गोळ्या एकत्र येतात. कोथिंबिरीला २००६चा कायदा, गोळीला १९४०चा, दोघांच्या वेष्टनाला वजनमापांचा, आणि व्यवहाराला २०२०चे ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियम. या शेवटच्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. महाराष्ट्रात निदान अन्न आणि औषध एका प्रशासनाखाली आहेत. पश्चिम बंगालमध्ये औषध नियंत्रण संचालनालय वेगळे आणि अन्न सुरक्षा आयुक्त वेगळे. पिशवी देणारी कंपनी मात्र प्रत्येक वेळी सांगते, की आम्ही विक्रेते नव्हे, मध्यस्थ. माहिती तंत्रज्ञान कायद्याने मध्यस्थाला दिलेले संरक्षण पत्रे आणि मते वाहून नेणाऱ्यांसाठी होते. साठवण आपली, किंमत आपण ठरवलेली, पोहोचवणारा माणूस आपला आणि जाहिरातही आपली. मग मध्यस्थ कसले?

मग करायचे काय? पहिली गोष्ट, २०१८च्या मसुद्याबाबत ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढे तरी ठरवावे. औषधे आणि अन्नभेसळ हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. केंद्राने नोंदणी आपल्याकडे घेतली आणि तपासणी राज्यांवर टाकली, तर परवानगी देणारा एक आणि दोष शोधणारा दुसरा अशी फारकत होईल. नोंदणी केंद्राची असली, तरी माल ज्या दुकानातून निघतो त्याचा परवाना राज्याचाच राहावा, आणि तो निलंबित करण्याचा राज्याचा अधिकार अबाधित असावा. जिल्ह्याची सीमा मात्र जावी. माहीमहून वांद्र्याला औषध जाण्याने कोणाच्याही आरोग्याला धोका नाही.

दुसरी, प्रत्येक चिठ्ठीला एक क्रमांक हवा आणि औषध दिले की तो क्रमांक सर्वांसाठी रद्द व्हावा, दुकानासाठीही आणि अॅपसाठीही. १९४५च्या नियमांतला शिक्का संगणकावर मारायचा, इतकेच. देशातल्या ३०० लोकप्रिय औषधांच्या वेष्टनांवर ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला. वेष्टनाला ओळख देता येते, तर चिठ्ठीला का देऊ नये? ज्या गावात डॉक्टर अजून कागदावरच लिहितात तिथे ही पद्धत टप्प्याटप्प्याने न्यावी. पण झोपेची औषधे आणि ‘एच-वन’ अनुसूची यांपासून आरंभ करायला अडचण नाही.

तिसरी गोष्ट पडद्यावरच्या पत्त्याची. युरोपीय संघात जुलै २०१५पासून ऑनलाइन औषध दुकानांना एक समान चिन्ह लावावे लागते. त्यावर बोट ठेवले, की ग्राहक थेट सरकारी नोंदवहीत पोहोचतो आणि हे दुकान खरोखर नोंदलेले आहे का, हे त्याला दिसते. आपल्याकडे अन्नविक्रेत्याचा १४ अंकी परवाना क्रमांक जानेवारी २०२२पासून बिलावर आला, पण बिल येते पैसे दिल्यावर. परवाना क्रमांक, दुकानाचा किंवा स्वयंपाकघराचा पूर्ण पत्ता, फार्मासिस्टचा नोंदणी क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख हे सारे ‘खरेदी करा’ या खुणेच्या वर, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसायला हवे.

चौथी, नियमांचे ओझे माणसाच्या कुवतीप्रमाणे असावे. नदियातला खजुराच्या गुळाचा कारागीर किंवा कोकणातला कोकम सरबत करणारा बचत गट यांच्यासाठी २०११च्या नियमांनी वर्षाला १०० रुपयांत नोंदणीची सोय ठेवली होती. कठोरता हवी ती साखळीच्या त्या दुव्यावर, जिथे पैसा आणि माहिती साठते. छोट्या विक्रेत्याला अर्जाच्या भाषेत अडकवून मोठ्या मंचाला ‘मध्यस्थ’ म्हणून मोकळे सोडणे, हे नियमपालन नव्हे, नियमांचे नाटक आहे.

शेवटची गोष्ट, माणसांची. वरच्या चारही सूचना अमलात आणायला निरीक्षक, नमुने आणि प्रयोगशाळा लागतात, आणि त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद लागते. ज्या राज्याला ती करायची नसते, ते बंदीची घोषणा करते; ज्या केंद्राला करायची नसते, ते मसुदा प्रसिद्ध करते. दोन्ही फुकट होतात.

१८९२मध्ये एका पैशाच्या पुडीवर खेड्यातल्या निरक्षर माणसाने विश्वास ठेवला, कारण तिच्यामागे कोण उभे आहे हे त्याला माहीत होते. आज आपल्या हातात त्या टपालाच्या कितीतरी पट वेगवान साधन आहे. त्याच्यामागे कोण उभे आहे, हे ग्राहकाला खरेदीच्या आधी समजावे आणि चुकल्यास त्याला पकडता यावे, एवढीच मागणी आहे. ती मान्य करायला नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. वाट पाहावी लागते आहे ती एका सहीची.